व्हॅनची टाकी बदलताना...

दिवाळी नुकतीच सरली असताना, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जळगाव शहरातील इच्छादेवी चौक परिसरात एका ओम्नी व्हॅनमध्ये घरगुती सिलिंडरमधला गॅस भरला जात होता. त्या वेळी स्फोट झाला. गाडीतील प्रवाशांसह अनेक जण भाजले आणि त्यांपैकी काहींचा उपचार सुरू असताना मृत्यू झाला. या दुर्घटनेनंतर बेकायदा गॅसभरणा केंद्रांची चर्चा झाली आणि ती आवश्यकच होती. मात्र तिच्या मुळाशी असलेला एक साधा प्रश्न त्या चर्चेत मागे राहिला. गाडीची इंधन टाकी म्हणजे नेमके काय आणि ती बदलायची वेळ आल्यास काय पाहावे, हा तो प्रश्न होय.

टाकी म्हणजे इंधन साठवण्याचे भांडे, अशी सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे जुने भांडे सडले की त्याच मापाचे दुसरे बसवावे, पेट्रोल परवडेनासे झाले की गॅसचे भांडे ठेवावे, असा हिशेब केला जातो. प्रत्यक्षात टाकी ही एक यंत्रणा आहे. इंधन आत येण्याचा मार्ग, बाहेर जाण्याचा मार्ग, वाफेला दिलेली वाट, पातळी सांगणारे उपकरण, अतिरिक्त दाब वा प्रवाह रोखणाऱ्या झडपा आणि टाकीला गाडीच्या सांगाड्याशी जखडणारे पट्टे हे सारे मिळून टाकी होते. यांतील एक जरी घटक चुकीचा असला, तरी नवी कोरी टाकीही जुन्या सडक्या टाकीइतकीच घातक ठरू शकते.

खान्देशातील व्हॅन

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये बाजारात आली आणि पुढे 'ओम्नी' या नावाने देशभर रुळली. सरकते दरवाजे, ७९६ सीसीचे लहान इंजिन आणि सामान किंवा माणसे हवी तशी बसवता येतील असा पोटाचा भाग यांमुळे ही गाडी लहान शहरांत विशेष लोकप्रिय झाली. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे या पट्ट्यात शाळेची मुले, लग्नाचे वऱ्हाडी, बाजाराचा माल आणि दवाखान्यात न्यायचा रुग्ण या सर्वांना ती उपयोगी पडली. २०१० मध्ये आलेल्या 'ईको'ने तिची जागा घेण्यास सुरुवात केली आणि सुरक्षेचे नवे निकष लागू झाल्यावर २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादन थांबले.

याचा अर्थ असा, की 'एमएच-१८' किंवा 'एमएच-१९' क्रमांकाची जी ओम्नी आज धुळे-जळगावच्या रस्त्यावर दिसते, ती कितीही नवी म्हटली तरी काही वर्षे वापरलेली असणारच. अनेक गाड्यांनी तर दीड-दोन दशके पाहिली आहेत. इंजिनाची दुरुस्ती होते, रंग नवा दिला जातो, आसनांना नवी कव्हरे चढतात. गाडीच्या पोटाखाली असलेल्या टाकीकडे मात्र ती गळू लागेपर्यंत कोणाचेही लक्ष जात नाही.

टाकी का सडते?

पत्र्याची टाकी दोन्ही बाजूंनी झिजते. बाहेरून पावसाळ्यातला चिखल पट्ट्यांच्या खाचांत साचतो, तेथे ओल धरून राहते आणि रंग निघालेल्या जागी गंज चढतो. खडीच्या रस्त्यावर उडणारे दगड हा रंग आणखी खरवडतात. आतून होणारी झीज दिसत नाही. टाकी नेहमी अर्धवट भरलेली राहिली, तर तिच्या मोकळ्या भागातील दमट हवेतले बाष्प रात्रीच्या गारव्यात थेंबांच्या रूपाने भिंतींवर जमते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी जाऊन बसते आणि तळाचा पत्रा हळूहळू खाल्ला जातो.

यात इथेनॉलमिश्रित पेट्रोलाची भर पडली आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल पाणी शोषून घेते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि पॅकिंग अशा मिश्रणाचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. त्यामुळे जुन्या व्हॅनची टाकी बदलताना तिच्यासोबतच्या रबरी नळ्या आणि वॉशर तसेच ठेवणे ही काटकसर नव्हे. तो पुढच्या गळतीचा पाया आहे.

टाकी संपत आल्याची लक्षणे ओळखता येतात. गाडी उभी असताना पेट्रोलचा वास येणे, टाकीखाली ओलसर डाग दिसणे, फिल्टर वारंवार गंजाच्या भुकटीने तुंबणे आणि त्यामुळे चढावर इंजिन अडखळणे, इंधनाचा खर्च विनाकारण वाढणे ही त्यांतील प्रमुख होत. रस्त्यात गळती सुरू झाली, की साबणाची वडी घासून छिद्र बुजवण्याचा उपाय जुने चालक सर्रास करतात. गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरता तो तग धरतो. परंतु साबण किंवा एम-सील लावून महिनोन्महिने गाडी चालवणे म्हणजे प्रवाशांना गळक्या टाकीवर बसवून नेणे होय.

'रिकामी' टाकी अधिक धोक्याची

टाकी गळू लागली की पहिला विचार वेल्डिंगचा येतो. येथे एक गोष्ट सर्वांनी समजून घेण्यासारखी आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. ही वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के या प्रमाणात मिसळलेली असेल, तरच ती पेट घेते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. उलट पेट्रोल काढून घेतलेल्या टाकीत वाफ आणि हवा यांचे नेमके स्फोटक मिश्रण तयार होण्याची शक्यता असते. शिवाय पेट्रोलची वाफ होण्यास उष्णतेची गरज नाही. ते शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही पेट घेण्याजोगी वाफ सोडते. मग जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा काय होत असेल याची कल्पना करता येईल.

म्हणूनच टाकी 'रिकामी आहे' म्हणून तिला वेल्डिंगची ज्योत लावणे हा गॅरेजमधल्या जीवघेण्या चुकांपैकी एक प्रकार आहे. पेट्रोल ओतून टाकले तरी पत्र्याच्या सांध्यांत आणि गंजाच्या थरात त्याचा अंश राहतो आणि आच लागताच त्याची वाफ होते. सडलेल्या टाकीचा पत्रा वेल्डिंगने सांधला, तरी शेजारचा पातळ झालेला भाग काही दिवसांत फुटतोच. तेव्हा डाग लावण्यापेक्षा टाकी बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

पेट्रोलची नवी टाकी बसवताना

काम कुशल मेकॅनिकचे आहे. तरीही त्याचा क्रम वाहनधारकाला ठाऊक असावा, म्हणजे कोठे कसूर होते आहे हे कळते.

टाकीत शक्य तितके कमी इंधन असताना गाडी गॅरेजमध्ये न्यावी. काम मोकळ्या, हवेशीर जागी व्हावे आणि इंजिन पूर्ण थंड झालेले असावे. इंजेक्शन प्रणालीच्या गाड्यांत नळीमध्ये दाबाखाली पेट्रोल असते. त्यासाठी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात आणि दाब उतरवतात. त्यानंतर बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवली जाते. प्रकाशासाठी बंदिस्त टॉर्च वापरावा. तारेला लोंबणारा साधा बल्ब फुटला तरी ठिणगी पडते. उरलेले पेट्रोल झाकणाच्या धातूच्या डब्यात काढावे. उघडी प्लॅस्टिकची बादली वापरू नये, कारण प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत साठते.

पुढे भरण्याच्या तोंडाकडील जाड नळी, इंजिनाकडे जाणारी नळी, परत येणारी नळी आणि वाफेची बारीक नळी सोडवतात. कोणती नळी कोठे होती, याची खूण करून ठेवणे महत्त्वाचे असते. टाकीला खालून आधार देऊनच पट्टे किंवा बोल्ट काढतात, कारण तळाशी उरलेले काही लिटर इंधन एका बाजूला धावले की टाकी हातातून निसटते.

नवी टाकी शक्यतो कंपनीच्या सुट्या भागांतील, त्याच प्रकारच्या गाडीची असावी. भंगार बाजारातील टाकी बाहेरून रंगवलेली असली, तरी आत तोच गंज असू शकतो. जुन्या टाकीतील फ्लोट आणि पंप चांगले असतील, तर ते नव्या टाकीत बसवता येतात. मात्र त्यांच्याखालचे रबरी पॅकिंग नवेच हवे. वाफेची नळी दुमडली किंवा बंद केली, तर टाकीचा श्वास कोंडतो. मग पेट्रोल ओढले जात असताना आत पोकळी निर्माण होते, इंजिन उपाशी राहते, तर उन्हात उभ्या गाडीच्या टाकीत दाब वाढतो. टाकीची गाडीच्या सांगाड्याशी असलेली अर्थिंगची तारही पुन्हा जोडली गेली पाहिजे.

सर्व जोडणी झाल्यावर टाकी एकदम भरू नये. प्रथम चार-पाच लिटर पेट्रोल घालून प्रत्येक सांधा हाताने व कोरड्या फडक्याने तपासावा. नंतर इंजिन चालू ठेवून पुन्हा पाहावे आणि मग टाकी पूर्ण भरून तोंडाकडील नळीची तपासणी करावी. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांचे बोल्ट एकदा आवळून घ्यावेत. इंधनाचा प्रकार बदलत नसल्याने या कामासाठी नोंदणी प्रमाणपत्रात फेरफार करावा लागत नाही.

गॅसच्या टाकीचे शास्त्र वेगळे

पेट्रोलऐवजी किंवा पेट्रोलसोबत गॅसची टाकी बसवायची झाली, की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. एलपीजी टाकीत द्रवरूपात, दाबाखाली असतो. तापमान १५ अंशांवरून ४५ अंशांवर गेले, की हा दाब सुमारे दुप्पट होतो आणि द्रव स्वतः साधारण ८ ते १० टक्के फुगतो. द्रवाला फुगण्यास जागाच नसेल, तर दाब इतका वाढतो की पोलादही त्यापुढे टिकत नाही. म्हणून वाहनाची एलपीजी टाकी कधीही ८० टक्क्यांहून अधिक भरायची नसते. उरलेली २० टक्के जागा वाया गेलेली नसते. खान्देशच्या उन्हाळ्यात तीच प्रवाशांचे संरक्षण करते.

ही मर्यादा चालकाच्या लक्षात राहण्यावर सोडलेली नाही. वाहनासाठीच्या टाकीवर एक बहुउद्देशीय झडप असते. टाकी ८० टक्के भरली की ती भरणा आपोआप थांबवते. नळी तुटून गॅस वेगाने सुटला तर प्रवाह रोखते, दाब मर्यादेपलीकडे गेला तर तो सोडते आणि आतील पातळीही दाखवते. ही झडप वायुरोधक पेटीत बंदिस्त असते आणि त्या पेटीतून एक नळी थेट गाडीच्या बाहेर काढलेली असते. यदाकदाचित गळती झालीच, तर गॅस प्रवाशांच्या भागात न साचता बाहेर जावा, हा त्यामागचा हेतू असतो. टाकीतून गॅस द्रवरूपात निघतो, इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये त्याची वाफ होते आणि मगच तो इंजिनात जातो. टाकी सांगाड्याला पक्क्या कंसांनी जखडलेली असते, जेणेकरून अचानक ब्रेक लागला किंवा धडक बसली तरी ती जागची हलू नये.

सीएनजीचे गणित आणखी निराळे आहे. तेथे गॅस सुमारे २०० बार इतक्या प्रचंड दाबाखाली साठवलेला असतो. म्हणून सीएनजीच्या सिलिंडरची दर ३ वर्षांनी दाबचाचणी करून घेणे बंधनकारक आहे. एलपीजीची टाकी सीएनजीसाठी वापरणे किंवा जुन्या गाडीतून काढलेले, चाचणीची मुदत उलटलेले सिलिंडर बसवणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय.

घरगुती सिलिंडर का चालत नाही?

घरातील लाल सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. तो प्रकल्पात वजन करून भरला जातो, त्यामुळे वरची मोकळी जागा राखली जाते. हा सिलिंडर स्वयंपाकघरात एका जागी उभा राहावा आणि वरून सावकाश वाफ मिळावी, यासाठी बनवलेला असतो. धावत्या गाडीतील हादरे, आडवे पडणे, धडक यांचा विचार त्यात नसतो. तुटलेल्या नळीतून होणारा प्रवाह रोखणारी वाहनासारखी झडपही त्यावर नसते.

आणखी एक प्रकार म्हणजे गाडीतील टाकी रीतसर किटची, पण तिच्यात गॅस मात्र घरगुती सिलिंडरमधून विजेच्या मोटरने उपसून भरलेला. यात धोका भरण्याच्या क्षणीच असतो. कामचलाऊ नळीच्या जोडातून गॅस सुटतो, मोटरमधून ठिणगी उडू शकते आणि वजनकाटा नसल्याने किती भरले याचा अंदाज नसतो. जुन्या टाकीवरील झडप बिघडलेली असेल, तर ८० टक्क्यांची मर्यादाही उरत नाही.

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो वर उडून न जाता जमिनीलगत पसरतो, गाडीच्या पोटात साचतो. एक लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वायू होतो आणि हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास पोहोचले, तरी मिश्रण पेट घेऊ शकते. म्हणजे एक लिटर गळती सुमारे साडेबारा घनमीटर हवा ज्वालाग्राही करण्यास पुरेशी असते. ओम्नीचा संपूर्ण आकार बाहेरून मोजला, तरी तो ८ घनमीटरहून कमी भरतो. त्यातच तिचे इंजिन पुढच्या आसनांखाली असते. ठिणगीला दुसरीकडून यावे लागत नाही.

असे असूनही हा प्रकार चालतो, त्याचे कारण पैशात आहे. घरगुती गॅसवर ५ टक्के जीएसटी आहे, तर व्यावसायिक आणि वाहनांच्या एलपीजीवर १८ टक्के. शिवाय अधिकृत पंप सर्वत्र नाहीत. दिवसाला काही फेऱ्या मारून पोट भरणाऱ्या चालकाला हा फरक मोठा वाटतो, हे खरे आहे. परंतु या बचतीचा धोका जे पत्करतात, त्यांत आसनावर बसलेल्या प्रवाशाला किंवा शाळकरी मुलाला कोणी विचारलेले नसते.

कायदा काय म्हणतो?

एलपीजीवर गाडी चालवणे हा गुन्हा नाही. मोटार वाहन कायद्यातील २००० सालच्या दुरुस्तीनंतर आणि २००१ च्या नियमांनुसार वाहनांसाठी एलपीजीला रीतसर मान्यता मिळाली. पुढे कंपनीनेही एलपीजीवर चालणारी ओम्नी विक्रीस आणली. २०२२ मध्ये भारत स्टेज-६ श्रेणीच्या साडेतीन टनांपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांनाही सीएनजी-एलपीजी किट बसवण्याची मुभा देण्यात आली.

मात्र अट अशी, की किट त्या प्रकारच्या गाडीसाठी मान्यताप्राप्त असले पाहिजे आणि ते अधिकृत केंद्रातूनच बसवले पाहिजे. किटची चाचणी पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्था करतात, तर गॅसच्या टाक्यांना मंजुरी देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे (पेसो) मुख्यालय नागपुरात आहे. टाकी बसवल्यावर आरटीओकडून तपासणी होऊन नोंदणी प्रमाणपत्रावर इंधनाचा बदल नोंदवला जातो. विमापत्रातही किटची नोंद करून घ्यावी लागते, अन्यथा अपघातानंतर भरपाई मिळण्यात अडचण येते.

परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार मालकाला ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घरगुती गॅसचा वाहनासाठी वापर हा जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली येतो आणि त्यात ३ महिने ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे.

प्रवासी आणि पालकांनी काय पाहावे?

गॅसच्या गाडीतून मुलाला शाळेत पाठवणाऱ्या पालकाने काही साध्या गोष्टी विचारण्यास संकोच करू नये. नोंदणी प्रमाणपत्रावर पेट्रोलसोबत एलपीजी किंवा सीएनजीची नोंद आहे काय? टाकीवर बनवणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि चाचणीची तारीख कोरलेली पट्टी आहे काय? मागच्या आसनाखाली लाल सिलिंडर तर नाही? गाडीत सतत गॅसचा वास येतो काय? एलपीजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. 'गॅसच्या गाडीत एवढा वास यायचाच' असे चालक म्हणत असेल, तर तो नेमकी धोक्याची सूचनाच नाकारत असतो. आणि प्रवासी बसलेले असताना कोणत्याही गाडीत कोणतेही इंधन भरू देऊ नये.

धोका जाणवल्यास काय करावे, याचाही धडा जळगावनेच दिला आहे. त्याच नोव्हेंबर २०२४ मध्ये एरंडोलहून जळगावकडे रुग्ण घेऊन येणाऱ्या रुग्णवाहिकेतून धूर निघू लागला. चालकाने गाडी थांबवून रुग्ण महिलेसह सर्वांना तत्काळ उतरवले आणि दूर जाण्यास सांगितले. थोड्याच वेळात गाडीने पेट घेतला आणि आतील ऑक्सिजन सिलिंडरचा स्फोट झाला. आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या, पण गाडीतील माणसे वाचली. धूर किंवा वास येताच इंजिन बंद करणे, दरवाजे उघडून सर्वांना उतरवणे आणि गाडीपासून लांब जाणे, एवढाच तो क्रम आहे. सामान काढण्यासाठी परत फिरायचे नाही.

जुनी व्हॅन आज अनेक कुटुंबांचे पोट भरते. ती रस्त्यावर राहावी, पण योग्य टाकीसह राहावी. टाकीचा खर्च एकदाच करावा लागतो. भंगारातली टाकी आणि घरगुती सिलिंडर यांतून वाचलेले पैसे मात्र कोणत्या दिवशी आणि कोणाकडून वसूल होतील, हे कोणालाच सांगता येत नाही.